बढती हे बक्षीस नव्हे

नमस्कार ताई,

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत अकरा जणांची टीम सांभाळते. दीड वर्षापूर्वी ही जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा सगळ्यात आधी मी आमच्यातल्या सर्वांत हुशार डेव्हलपरला लीड केलं. त्याच्याइतकं चोख काम कुणाचंच नव्हतं. शिवाय तो माझा जुना मित्र. आज परिस्थिती अशी आहे की कुणाचं काम अडलं की तो ते स्वतःकडे ओढून घेतो आणि रात्री जागून संपवतो. समजावून सांगत बसायला त्याच्याकडे वेळ नसतो. नवी मुलं त्याच्याकडे शंका घेऊन जायला कचरतात. दोघांनी टीम बदलून घेतली. तो स्वतः चिडचिडा झालाय आणि त्याचं कोडही पूर्वीसारखं राहिलेलं नाही.

पुढच्या महिन्यात मोठं प्रोजेक्ट सुरू होतंय. मला तिघांना नेमायचंय : एक लीड, एक क्लायंटशी बोलणारा आणि एक टेस्टिंगची जबाबदारी घेणारा. माझे वरिष्ठ म्हणतात, सेवाज्येष्ठता बघा, वाद होणार नाहीत. एक सहकारी लीडची जागा उघड मागतोय. बोलण्यात तयार आहे, समोरच्यावर लगेच छाप पाडतो. आणि एक मुलगी आहे. मीटिंगमध्ये ती तोंड उघडत नाही, पण अडलं की सगळे तिच्याच टेबलाशी जातात. मला ती योग्य वाटते, पण माझ्या वाटण्यावरचा माझाच विश्वास उडालाय. मागच्या वेळीही मला अशीच खात्री वाटली होती.

मित्राला बाजूला केलं तर त्याचा अपमान होईल. नाही केलं तर टीम मोडेल. माणसं निवडायची तरी कशी?

– एक टीमप्रमुख

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं : तो काम स्वतःकडे ओढून घेतो आणि रात्री जागून संपवतो. तुम्हाला त्यात त्याचा दोष दिसतोय. मला घाबरलेला माणूस दिसतो. ज्या कामावर त्याचा हात बसला होता ते तुम्ही काढून घेतलंत आणि दुसरं दिलंत. हे दुसरं काम नेमकं काय आहे, ते बहुधा कुणी त्याला समोर बसवून सांगितलंच नाही. अशा वेळी माणूस जे येतं तेच दुप्पट जोमाने करायला लागतो. दिवसा लीड म्हणून आपण कमी पडतोय हे त्याला जाणवतं आणि रात्री कोड लिहून तो त्याची भरपाई करतो.

म्हणून आधीच सांगते, चूक त्याची नाही. चूक निवडीची आहे आणि निवड तुमची होती. हे मी वरून बोलत नाही. हीच चूक मी केली आहे आणि ती मला आजही बोचते.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका संस्थेत ग्राहकांच्या तक्रारी हाताळणारा विभाग सांभाळत होते. आमच्याकडे एक माणूस होता. कितीही संतापलेला ग्राहक असो, पाच मिनिटांत त्याचा आवाज खाली यायचा. मी त्याला सुपरवायझर केलं. मला वाटलं, मी त्याचा सन्मान केला. प्रत्यक्षात मी त्याच्या हातातला फोन काढून घेतला आणि पाळ्यांचे तक्ते, रजांचे अर्ज आणि इतरांच्या चुका दिल्या. शेजारच्या मुलीचा फोन फिसकटतोय असं दिसलं की तो तिचा हेडसेट स्वतःच्या कानाला लावायचा. ग्राहक शांत व्हायचा, मुलगी रडवेली व्हायची. आठ महिन्यांनी त्याने राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी मला म्हणाला, “मला परत फोनवर बसवा, असं सांगायची लाज वाटली.” त्याला तसं सांगता आलं नाही, कारण मी परतीचा रस्ताच ठेवला नव्हता. पुढच्या निवडी मी या एका वाक्याच्या धाकाने केल्या आहेत.

ही काही तुमची-माझी खासगी चूक नाही. लॉरेन्स पीटर यांनी 1969 मध्ये मांडलेलं सूत्र तुम्ही ऐकलं असेल : माणूस चांगलं काम करतो म्हणून वर जात राहतो आणि जे काम त्याला जमत नाही तिथे पोचून थांबतो. त्यावर लोक बरीच वर्षं हसले. पुढे 2019 मध्ये ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या कंपन्यांच्या विक्री विभागांच्या नोंदी तपासल्या. ज्याची विक्री जास्त, त्याला बढतीची संधी जास्त, हे दिसलंच. पण ज्यांची विक्री आधी सर्वांत जास्त होती ते साहेब झाल्यावर त्यांच्या हाताखालच्यांची कामगिरी तुलनेने घसरली होती. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तुमच्यासाठी जास्त मोलाची आहे. आधीच्या कामात ज्यांनी इतरांबरोबर मिळून विक्री केली होती, श्रेय वाटून घेतलं होतं, ते पुढे चांगले व्यवस्थापक निघाले. त्या मुलीच्या टेबलाशी लोक का जातात, याचा विचार करताना हे ध्यानात ठेवा.

क्रिकेट पाहता की नाही ठाऊक नाही, पण तुमच्या मित्राबद्दल बोलायचं तर मला इयान बोथमची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1980 मध्ये इंग्लंडने आपल्या सर्वांत गुणी खेळाडूला कर्णधार केलं. कारण तेच, सर्वांत चांगला तोच होता. त्याच्या नेतृत्वाखाली इंग्लंड 12 कसोटी सामने खेळलं. त्यातला एकही जिंकलं नाही. त्याचा स्वतःचा खेळही आटला. 1981 च्या ॲशेस मालिकेत लॉर्ड्सवर तो दोन्ही डावांत शून्यावर बाद झाला आणि त्याने कर्णधारपद सोडलं. त्याच्या जागी आधीचा कर्णधार माइक ब्रिअर्लीला परत आणलं. ब्रिअर्ली 39 कसोटी खेळला, सरासरी 22.88, आणि शतक एकही नाही. निव्वळ फलंदाज म्हणून त्याला संघात जागा मिळणं अवघड होतं. पण 31 कसोटींमध्ये त्याने नेतृत्व केलं, त्यातल्या 18 जिंकल्या आणि फक्त 4 हरल्या.

पुढचाच सामना हेडिंग्लीला झाला. तिथे फॉलोऑन मिळालेल्या संघाकडून बोथमने नाबाद 149 काढल्या. वेगवान गोलंदाज बॉब विलिसचं गोलंदाजीचं टोक ब्रिअर्लीने बदलून दिलं आणि विलिसने 43 धावांत 8 बळी घेतले. इंग्लंड 18 धावांनी जिंकलं. बोथम तोच होता, लॉर्ड्सनंतर दोन आठवड्यांत त्याचं कौशल्य वाढलं नव्हतं. फक्त त्याच्या खांद्यावरचं जे त्याचं नव्हतं ते उतरलं होतं. आणि तो संघाबाहेर गेला नव्हता. त्याला त्याच्या कामावर परत ठेवलं होतं, सगळ्यांसमोर, मोठ्या सामन्यात. तुमच्या मित्रासाठी मला हेच हवं आहे. त्याच्याकडे मी शेवटी येते.

आधी निवडीचं बोलू. तुम्ही विचारताय, माणसं कशी निवडायची. मागच्या वेळी तुम्ही माणूस आधी निवडलात आणि जागा नंतर त्याच्याभोवती गुंडाळलीत. या वेळी माणसांची नावं काही दिवस कपाटात ठेवा. एक कोरा कागद घ्या आणि लीडचा एक साधा मंगळवार लिहून काढा. गुणवर्णन नको. ‘नेतृत्वगुण हवेत, संवादकौशल्य हवं’ असं लिहिलंत तर त्यात कुणीही बसेल. कामं लिहा. सकाळी आल्यावर तो काय बघतो? दोन मुलं एकाच गोष्टीवर वेगवेगळ्या पद्धतीने काम करताना दिसली तर काय करतो? क्लायंटने मधेच मागणी वाढवली तर नाही कोण म्हणतं? एखाद्याचं काम तीन दिवस एकाच जागी अडलंय हे त्याच्या लक्षात कसं येतं? इतरांचं कोड तपासताना तो दुरुस्त करून टाकतो की प्रश्न विचारतो?

हा मंगळवार लिहून झाला की एक गोष्ट चटकन दिसेल. लीडचा बहुतेक दिवस माणसांच्या मधल्या जागेत जातो. अकरा जणांत एकूण 55 जोड्या होतात, आणि यातली कुठलीही जोडी कधीही विसंवादात अडकू शकते. लीडचं काम तिथे आहे. स्वतः कोड लिहायला त्याच्याकडे थोडाच वेळ उरणार आणि तो तसा थोडाच उरायला हवा. ज्याचा जीव कोडमध्ये आहे त्याला हा मंगळवार वाचूनच गुदमरायला होईल. ते तुम्हाला आधी कळलं तर दोघांचं भलं आहे.

मग क्लायंटशी बोलणाऱ्याचा मंगळवार लिहा. इथे बहुतेक टीम फसतात, म्हणून जरा थांबून सांगते. या जागेसाठी आपण गोड बोलणारा शोधतो. प्रत्यक्षात त्या माणसाची किंमत वाईट बातमी देताना कळते. काम दहा दिवस लांबणार हे आजच कळलंय, तर तो क्लायंटला आज सांगतो की डेडलाइनच्या आदल्या संध्याकाळी? ‘हे एवढं करूनच द्या’ असं समोरून आलं की तो हो म्हणून मोकळा होतो, की ‘करू, पण मग यातलं काय मागे ठेवायचं?’ असं विचारतो? समोरच्याने जे मोघम सांगितलं ते त्याच संध्याकाळी लिहून पाठवतो का? जो सगळ्यांना आवडतो तो हे करेलच असं नाही. लोकांनी आपल्यावर नाराज होऊ नये ही ओढ फार असेल तर तो करणार नाही. तुमचा तो बोलका सहकारी लीडची जागा मागतोय. त्याला एवढंच विचारा : गेल्या सहा महिन्यांत तू कुणाला नको असलेली बातमी कधी दिलीस, केव्हा दिलीस, आणि पुढे काय झालं? उत्तरात एक खरा प्रसंग आला, तारखेसकट, थोडा अवघडलेपणासकट, तर क्लायंटच्या जागेसाठी त्याचा जरूर विचार करा. उत्तरात नुसती तत्त्वं आली तर थांबा. आणि तो जागा मागतोय म्हणून त्याच्यावर संशयही घेऊ नका. मागणं हा गुन्हा नाही. फक्त मागणं म्हणजे जमणं नव्हे.

टेस्टिंगच्या जागेबद्दल थोडक्यात. तिथे शंकेखोर, चिवट माणूस हवा. ‘उद्या सोडायचंय, आता कशाला काढतोस’ असं सगळे म्हणत असताना जो ‘हे चालत नाही’ म्हणून उभा राहील, तो. आणि त्याने थांबवलं तर तुम्ही त्याच्या पाठीशी राहणार हे आत्ताच ठरवा. नाहीतर त्या जागी कुणीही बसवा, फरक पडणार नाही.

आता तुमच्या ‘मागच्या वेळीही खात्री वाटली होती’ या वाक्याकडे येऊ. ती खात्री कुठून आली होती? त्याचं कोड उत्तम होतं, म्हणून तो समजूतदार असेल, म्हणून इतरांना शिकवेल, म्हणून संकटात टीम धरून ठेवेल. एका गुणाचा प्रकाश बाकीच्या कोपऱ्यांवर पडला आणि ते कोपरेही उजळ दिसले. 1920 मध्ये मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांना हेच लष्करी अधिकाऱ्यांत आढळलं होतं. अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या माणसांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य यांसाठी वेगवेगळे गुण द्यायचे होते. पण ज्याला एकात जास्त गुण त्याला बहुतेक सगळ्यांतच जास्त गुण पडले होते, प्रत्यक्षात ज्या गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध नसतो त्यांतही. अनुभवी अधिकारी होते ते. तुमच्या-माझ्या हातूनही तसंच होणार.

यावर उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो. एका माणसाचं सगळं एकदम बघू नका. मंगळवारच्या कागदावरून चार-पाच प्रश्न काढा आणि सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारा. मग पहिल्या प्रश्नाची सगळ्यांची उत्तरं शेजारी ठेवून वाचा आणि त्यांवर मत लिहा. नंतर दुसरा प्रश्न. असं केलं की ‘हा माणूस चांगला आहे’ हे वाक्य मधे येऊन बसत नाही. शक्य असेल तर टीमबाहेरच्या एखाद्या जाणत्या व्यक्तीला तीच उत्तरं नावं झाकून वाचायला द्या. तुमच्या दोघांचं मत जिथे जुळत नाही तिथेच खरी चर्चा असते.

तुमच्या वरिष्ठांनाही यातलंच सांगा. सेवाज्येष्ठतेने वाद टळतात हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. वर्षं मोजता येतात, त्यावर भांडता येत नाही. पण पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 मध्ये माणसं निवडण्याच्या निरनिराळ्या पद्धतींवरचं दशकानुदशकांचं संशोधन पुन्हा तपासलं. ठरावीक, कामाशी जोडलेले प्रश्न सगळ्यांना सारखेच विचारून घेतलेली मुलाखत त्यात सर्वांत वर होती, आणि नोकरीतली नुसती वर्षं अगदी तळाजवळ. वरिष्ठांपुढे ‘मला ती योग्य वाटते’ एवढंच घेऊन जाऊ नका. मंगळवारचा कागद, प्रश्न आणि उत्तरं घेऊन जा. निवड कशावरून केली हे कागदावर दाखवता आलं की वादाला तोंड देता येतं. ज्यांची निवड होणार नाही त्यांनाही ते दाखवता येतं, आणि त्यांना ते दाखवायलाच हवं.

आता ती मुलगी. तुमचं पत्र वाचताना माझंही मन तिच्याकडेच झुकलं आणि म्हणूनच मी सावध झाले. लोक तिच्याकडे जातात ही फार मोठी साक्ष आहे. लोकांनी न विचारता, न सांगता तिला निवडलेलंच आहे. पण ते का जातात, हे बघा. ती त्यांना उत्तर सापडेल अशा प्रश्नापर्यंत नेते, की त्यांचं काम निमूटपणे करून देते? पहिलं असेल तर ती आजही लीडचंच काम करतेय, फक्त तिच्या नावावर ते कुठे लिहिलेलं नाही. दुसरं असेल तर ती तुमच्या मित्राच्याच वाटेवर आहे, जरा शांतपणे. तिच्याकडे जाणाऱ्या दोघातिघांना वेगवेगळं गाठा आणि विचारा, “शेवटचं तिच्याकडे गेलात तेव्हा नेमकं काय झालं?” कशी आहे ती, असं विचारू नका. त्याला सगळे ‘खूप छान’ म्हणतील.

ती मीटिंगमध्ये गप्प असते याचं फार मनावर घेऊ नका, पण तुमच्या मीटिंगचं मात्र घ्या. अनिता वुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 699 जणांचे दोन ते पाच जणांचे गट करून त्यांना निरनिराळी कामं दिली होती. गट म्हणून कोण चांगलं काम करेल हे गटातल्या सर्वांत बुद्धिमान माणसावरून फारसं सांगता येत नव्हतं. जिथे दोघेतिघेच बोलत राहिले ते गट मागे पडले. जिथे बोलण्याची पाळी सगळ्यांमध्ये फिरत होती आणि माणसं समोरच्याचा चेहरा वाचत होती ते पुढे राहिले. या अभ्यासावर नंतर बरेच वाद झाले आणि मी त्याला देववाणी मानत नाही. पण इतक्या मीटिंगा बसून काढल्यावर पाळी फिरण्याबद्दलचं त्यांचं म्हणणं मला पटतं. पुढच्या मीटिंगच्या आदल्या दिवशी विषय लेखी पाठवा, आणि सुरुवातीला प्रत्येकाला दोन मिनिटं द्या. तिला बोलता येत नाही की तिला जागाच मिळत नाही, हे महिन्याभरात कळेल.

आणि तिला विचारा. हे मी मुद्दाम वेगळं सांगतेय, कारण शांत माणसांना आपण विचारतच नाही. एकतर त्यांना वगळतो, नाहीतर ‘तू करशीलच’ म्हणून गळ्यात मारतो. तिला एकटीला भेटा. लीडचा मंगळवार तिच्या हातात द्या आणि म्हणा, “हे काम आहे. यातलं काय तू आत्ताच करतेस, काय करायला आवडेल आणि काय नको वाटतं, ते दोन दिवसांनी सांग. नको असेल तर तसं म्हण, माझ्या मनात काही राहणार नाही.” समोर उत्तर मागू नका. समोर विचारलं तर ती मान ठेवायला हो म्हणेल आणि तुम्ही तिलाही त्याच खड्ड्यात लोटाल.

ती तयार असेल तर सगळं एकदम देऊ नका. प्रोजेक्टचा एक खरा तुकडा द्या, तीन आठवड्यांचा, तीनचार माणसांसह. बोलक्या सहकाऱ्यालाही तसाच एक तुकडा द्या, क्लायंटच्या बाजूचा. हे करून बघणं आहे, हे सगळ्यांना उघड माहीत असू द्या. मुदत ठरलेली असू द्या. मुदतीनंतर दोन्ही बाजूंना नको म्हणता येईल आणि त्याची कुठेही नोंद होणार नाही, हेही सांगा. गुपचूप परीक्षा घेऊ नका. माणसांना ती कळतेच, आणि मग ती काम करण्याऐवजी तुमच्या नजरेसाठी वागायला लागतात.

एक गोष्ट निवडीच्या धांदलीत सुटते, ती म्हणजे जोड. मेरेडिथ बेल्बिन यांनी इंग्लंडमधल्या हेन्ली इथे व्यवस्थापकांच्या गटांना स्पर्धात्मक खेळ खेळायला लावून ते अनेक वर्षं पाहिले. बुद्धीच्या चाचणीत सर्वांत वर असलेल्यांचा एकच गट केला तर तो जिंकेल असं वाटलं होतं. असे गट बऱ्याचदा मागे राहिले. सगळे एकमेकांचे मुद्दे खोडत बसले आणि रुक्ष पण आवश्यक कामं कुणी उचललीच नाहीत. बेल्बिन यांच्या नावाने चालणाऱ्या प्रश्नावल्या भरून घेऊन तुमच्या अकरा जणांच्या कपाळावर शिक्के मारा, असं मी सांगणार नाही. माणूस एका टीममध्ये एक असतो, दुसरीत दुसरा. पण तिघांची नावं शेजारी लिहिल्यावर एवढं बघा : हे तिघं एकाच गोष्टीला घाबरतात का? तिघांनाही नाही म्हणायला जड जात असेल तर प्रत्येक जण आपापल्या जागी योग्य असूनही तुमचं प्रोजेक्ट बुडेल.

आता तुमचा मित्र. हे बोलणं नेमणुका जाहीर होण्याआधी व्हायला हवं. त्याला दुसऱ्याकडून कळलं तर पुढचं काहीच दुरुस्त होणार नाही.

त्याच्याकडे जाण्याआधी वरिष्ठांकडे जा आणि एक गोष्ट लेखी पदरात पाडून घ्या : लीडची जागा सोडल्याने त्याचा पगार आणि त्याची श्रेणी खाली येणार नाही. तुमच्या कंपनीत माणसं सांभाळल्याशिवाय वर जाताच येत नसेल, तर अर्धा दोष त्या शिडीचा आहे आणि तो तुम्ही वरिष्ठांपुढे मांडायला हवा. कसबी माणसाला कसबावरच वर चढता यावं अशी वाट अनेक ठिकाणी ठेवलेली असते. तुमच्याकडे नसेल तर त्याच्यापुरती तरी मागा, आणि हातात आल्याशिवाय त्याच्याशी बोलायला बसू नका. पैसे आणि पद कमी करून ‘हे तुझ्या भल्यासाठी’ म्हणालात तर तो ते ऐकणार नाही आणि त्याचं बरोबर असेल.

मग त्याला भेटा. ऑफिसच्या खोलीत नको, चालायला जा. आधी तुमची चूक सांगा आणि ती सांगताना पुढे ‘पण’ लावू नका. मी असं म्हटलं असतं : “दीड वर्षापूर्वी मी तुला लीड केलं, कारण तुझं काम सगळ्यांत चांगलं होतं. लीडचं काम वेगळं असतं हे मी बघितलं नाही, तुला सांगितलं नाही आणि मदतही केली नाही. तू रात्री जागून जे सावरलंस ते मला दिसत होतं आणि मी गप्प राहिले.” एवढं बोलून थांबा. तो रागावेल कदाचित. रागावू द्या. बऱ्याच वेळाने, त्याचं बोलून झाल्यावर विचारा, “तुला हे काम आवडतं का?” त्याच्या लीडपणाच्या दीड वर्षात हा प्रश्न त्याला कुणी विचारलेला नसेल, अशी माझी अटकळ आहे.

उत्तर दोन्ही बाजूंनी येऊ शकतं. तो सुटकेचा श्वास सोडेल, हे मला जास्त शक्य वाटतं. तसं झालं तर प्रोजेक्टमधलं सर्वांत अवघड, सर्वांत दिसणारं तांत्रिक काम त्याला द्या आणि त्याबद्दलचं टीमला जाणारं पत्र त्यालाच लिहू द्या. ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे शब्द त्यात येऊ देऊ नका. त्या शब्दांनी लोक कुजबुजायला लागतात. पण कदाचित तो म्हणेल, मला लीड व्हायचंच आहे, मला शिकायचंय. तेव्हा घाईने नाही म्हणू नका. मंगळवारचा कागद त्यालाही द्या, तेच प्रश्न त्यालाही विचारा, तीन आठवड्यांचा तुकडा त्यालाही द्या, दोघातिघांच्या छोट्या गटाचा. एकच अट ठेवा, त्या तीन आठवड्यांत त्याने इतरांच्या कोडला हात लावायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे. ते त्याला जमलं तर तुम्ही मागच्या वेळी माणूस चुकीचा निवडला नव्हता, त्याला नुसतं एकटं सोडलं होतं.

टीम सोडून गेलेल्या त्या दोघांनाही फोन करा. परत या म्हणून नव्हे. त्यांना एवढंच विचारा, कुठल्या दिवशी ठरवलंत की आता इथे राहायचं नाही? त्या दिवसाचं वर्णन तुमच्या मंगळवारच्या कागदात भर घालेल.

आणि समजा, ती मुलगी दोन दिवसांनी येऊन नाही म्हणाली, मित्रालाही नको असेल आणि बोलका सहकारी त्या जागेत बसत नाही असं दिसलं, तर प्रोजेक्टची तारीख डोक्यावर आहे म्हणून कुणालातरी बसवू नका. वरिष्ठांना सांगा की पहिले सहा आठवडे लीडचं काम तुम्ही स्वतः करणार आहात, आणि त्यासाठी तुमच्या सध्याच्या कामातलं काय काय दुसरीकडे जाईल ते त्याच बैठकीत ठरवून घ्या.